वाद चामड्याचा, पणाला चारित्र्य

तुम्ही न्यू जर्सीत असा, डॅलसजवळ असा की बे एरियात, तुमच्या फोनमध्ये मराठी मंडळाचा एखादा ‘खरेदी-विक्री’ ग्रुप असणारच. त्यावर काय काय येतं ते मी सांगायला नको. मुलाची कार सीट, एकदाच वापरलेला इन्स्टंट पॉट, भारतात परत चाललेल्यांचं अख्खं घर, गणपतीतल्या नाचासाठी शिवून घेतलेली नऊवारी. आणि अलीकडे अधूनमधून एखादी लुई व्हिटॉन, एखादी गुची, क्वचित एखादी शनेल. फोटो दोन, त्यातला एक दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला. किंमत दुकानातल्यापेक्षा निम्मी. खाली तीन शब्द : ‘१०० टक्के ओरिजिनल’. आणि मग पुस्ती : ‘आपल्यातच जाऊ दे म्हणून इथे टाकतेय.’

या तीन शब्दांशी माझं भांडण आहे. ते खोटे असतात म्हणून नाही. बहुतेक वेळा लिहिणारीचा त्यांच्यावर मनापासून विश्वास असतो. भांडण आहे ते आपण त्या शब्दांचं नंतर जे करतो त्याच्याशी. ‘ओरिजिनल आहे’ हे वस्तूबद्दल दिलेलं वचन आहे. वस्तू तशी निघाली नाही तर पैसे परत द्यायचे, वस्तू परत घ्यायची आणि पुढच्या संक्रांतीला दोघींनी एकमेकींना तिळगूळ द्यायचा. इतका साधा हा व्यवहार. आपण मात्र त्याची अब्रूची लढाई करतो, आणि त्या लढाईत बहुधा हरते ती पैसे दिलेली बाई.

आमच्या भागातला असा एक वाद मी जवळून पाहिला. नावगाव सांगत नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसं चांगली आहेत आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. एकीनं लुई व्हिटॉनची नेव्हरफुल विकली, ११०० डॉलरला. घेणारी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलेली, काही वर्षं घरी बसून काढलेली. वर्क परमिट आल्यावर नोकरी लागली आणि पहिल्या दोन-तीन पगारांतून तिनं स्वतःसाठी घेतलेली ही पहिली मोठी वस्तू. पैसे झेलनं गेले, बॅग हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात हातोहात मिळाली. चार महिन्यांनी तिला ती देऊन लहान आकाराची घ्यावीशी वाटली, म्हणून वापरलेल्या डिझायनर वस्तू विकत घेणाऱ्या एका दुकानात ती गेली. दुकानातल्या बाईनं बॅग आतून-बाहेरून पाहिली आणि ‘आम्ही ही घेऊ शकत नाही’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या दुकानात तेच.

तिनं विकणारीला मेसेज केला, ‘ताई, दोन दुकानांत म्हणाले की ही अस्सल वाटत नाही. काय करू या?’ उत्तर आलं, ‘म्हणजे मी तुला फसवलं असं म्हणायचंय का तुला?’

त्या क्षणी बॅग वादातून बाहेर पडली. पुढचे तीन आठवडे बॅगेची शिवण, कड्या, शिक्का यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चर्चा झाली ती माणसांची. ‘ही बॅग माझ्या नणंदेनं दुबईहून आणलेली, ती काय नकली आणेल?’ ‘त्यांचं घर बघितलंय का तुम्ही, त्यांना ११०० डॉलरची काय पडलीय?’ ‘चार महिने मिरवली आणि आता परत द्यायची म्हणते.’ घेणारीनं शेवटी ग्रुपवर लिहिलं, तर ग्रुप चालवणाऱ्यांचा निरोप आला : ‘कृपया वैयक्तिक विषय इथे नकोत.’ विकताना बॅग सार्वजनिक होती. तक्रार करताना ती वैयक्तिक झाली. मुलगी ग्रुप सोडून गेली. पैसे गेले, मैत्रिणी गेल्या, आणि मंडळात तिची ओळख उरली ती ‘ती पर्सवाली’ अशी.

आता यातले दोन प्रश्न वेगळे करून बघा. पहिला प्रश्न : वस्तू सांगितली तशी आहे का? दुसरा : ती तशी नाही हे विकणारीला माहीत होतं का? पहिला प्रश्न चामड्याचा, शिवणीचा, धातूच्या कड्यांचा. त्याचं उत्तर, थोडे कष्ट घेतले तर, शोधता येतं. दुसरा प्रश्न मनातल्या हेतूचा. त्याचं उत्तर सहसा कुणालाच सापडत नाही आणि पैसे परत करायला ते लागतही नाही. नणंदेनं प्रेमानं आणलेली भेट नकली निघू शकते. तेवढ्यानं नणंद चोर होत नाही आणि तुम्ही तर नाहीच नाही. पण ११०० डॉलर तुमच्या खात्यात आहेत आणि ते अस्सल बॅगेचे म्हणून आलेले आहेत. ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य तुमची अब्रू राखायला पुरेसं आहे. पैसे राखायला पुरेसं नाही.

आपण हे दोन प्रश्न एकत्र बांधतो, म्हणून पैसे परत करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असा अर्थ होतो. मग चांगल्या घरची, सरळ मनाची बाईसुद्धा पैसे परत करत नाही. लोभ हे त्याचं कारण नाही. पैसे दिले तर ‘म्हणजे हिला ठाऊक होतं’ असं चार जणी म्हणतील, ही भीती असते. ही गाठ सोडवली तर यातले निम्मे वाद दोन मेसेजमध्ये मिटतील.

हे माझंच नीतिशास्त्र आहे असं समजू नका. आपण जिथे राहतो तिथला कायदाही साधारण हेच सांगतो. अमेरिकेत मालाच्या विक्रीचे नियम युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या दुसऱ्या भागात आहेत आणि लुइझियाना सोडून बाकी सगळ्या राज्यांनी तो स्वीकारलेला आहे. त्यातलं २-३१३ हे कलम म्हणतं की विकणाऱ्यानं वस्तूबद्दल केलेलं विधान सौद्याचा आधार ठरलं, की ती हमी झाली. ‘गॅरंटी’ हा शब्द वापरावा लागत नाही, हमी द्यायचा हेतूही असावा लागत नाही. आणि हे कलम दुकानदारापुरतं नाही. कपाटातली एक पर्स विकणाऱ्यालाही ते लागू होतं. ‘फार सुंदर बॅग आहे’ हे मत झालं. ‘ओरिजिनल लुई व्हिटॉन आहे’ ही हमी झाली. काही जणी हुशारीनं खाली ‘ॲज इज, नो रिटर्न’ असं लिहितात. वस्तूवर ओरखडा आहे, चेन अडकते, अशा तक्रारींपुरता त्याचा उपयोग होईल. पण वर ‘ओरिजिनल’ असं ठासून लिहिलेलं वचन खालच्या त्या ओळीनं पुसलं जात नाही.

ब्रिटनमधल्या वाचकांसाठी : १९७९ च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टचं १३वं कलम वाचा. वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. मालाच्या दर्जाची अट धंदा म्हणून विकणाऱ्यापुरती आहे. वर्णनाची अट खासगी विक्री करणाऱ्यालाही आहे. आणि दाद मागायला वकीलही लागत नाही. स्मॉल क्लेम्सची मर्यादा इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंड आहे, न्यू जर्सीत ५,००० डॉलर, टेक्ससच्या जस्टिस कोर्टात २०,००० डॉलर. पर्स यात सहज मावते. मंडळातल्या वादांसाठी कोर्टाची पायरी चढा, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की ज्या गोष्टीला कायदा साधा व्यवहार मानतो, तिला आपण खानदानाची इभ्रत करून ठेवलं आहे.

‘मग घेतानाच नीट बघून घ्यायचं ना!’ हा पुढचा युक्तिवाद. ऐकायला रास्त वाटतो. पण बघायचं म्हणजे नेमकं काय?

आतला नंबर बघा, असं सांगतात. लुई व्हिटॉनच्या जुन्या बॅगांत ‘डेट कोड’ असतो. २००७ नंतरच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा आठवड्याचा, दुसरा आणि चौथा वर्षाचा. म्हणजे ४१६२ असेल तर २०१२ सालातला ४६वा आठवडा. एवढीच त्यातली माहिती. तो त्या एका बॅगेचा स्वतःचा क्रमांक नाहीच. त्या आठवड्यात त्या कारखान्यातून निघालेल्या कितीतरी बॅगांवर तोच कोड असतो, आणि तो छापायला नकली माल बनवणाऱ्याला फार डोकं लागत नाही. २०२१ पासून कंपनीनं डेट कोड बंद करून बॅगेत मायक्रोचिप घालायला सुरुवात केली. पण ती वाचून अर्थ लावण्याची सोय कंपनीकडे आहे, तुमच्या-माझ्याकडे नाही. शनेलनंही त्याच वर्षी जुने स्टिकर आणि कार्ड सोडून धातूची पट्टी आणली. त्याआधीच्या बॅगांसोबत येणारं ‘ऑथेंटिसिटी कार्ड’ तर इतकं नकलता येतं, की ते दाखवून कुणी खात्री देऊ लागलं तर खात्री कमीच व्हावी. ब्रँडच्या दुकानात नेऊन विचारावं म्हटलं, तर असा दाखला देणं ही दुकानं सहसा टाळतात.

नंबर खरा असला तरी बॅग खरी असतेच असं नाही. न्यूयॉर्कमधल्या ‘व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड’ या जुन्या डिझायनर वस्तूंच्या नावाजलेल्या दुकानावर शनेलनं २०१८ साली खटला भरला. त्यात इटलीतल्या एका कारखान्यातून चोरीला गेलेल्या सिरियल क्रमांकांच्या लेबलांचाही मुद्दा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीनं शनेलच्या बाजूनं कौल दिला आणि ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. ज्यांचा धंदाच हा, पारखी माणसं ज्यांच्या पदरी, त्यांची ही अवस्था. आणि आपण पहिल्या पगारातून पर्स घेणाऱ्या मुलीला विचारतो, ‘घेताना डोळे मिटले होते का?’

पुरुषमंडळींनी एवढ्यात गालात हसू नये. घड्याळांचा घोळ याहून अवघड आहे. आतलं यंत्र अस्सल रोलेक्सचं, डायल मागाहून बदललेली, पट्टा तिसऱ्याच कारागिराचा, वर हिरे कुणीतरी नंतर बसवलेले. या प्रकाराला त्या धंद्यात ‘फ्रँकेनवॉच’ म्हणतात. विकणारा म्हणतो ‘ओरिजिनल’, कारण यंत्र ओरिजिनल आहे. घेणारा म्हणतो ‘नकली’, कारण डायल नकली आहे. दोघंही आपापल्या परीनं खरं बोलतात, आणि ‘ओरिजिनल’ म्हणजे किती ओरिजिनल, हे सौद्याच्या वेळी कुणी विचारलेलं नसतं.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण विकणाऱ्यांवरही अन्याय होतो. ‘मेड इन यूएसए’ असं आत छापलेलं दिसलं, की ‘फ्रेंच कंपनीची बॅग अमेरिकेत कशी बनेल, नक्कीच नकली’ असा निकाल लागतो. लुई व्हिटॉन कॅलिफोर्नियात अनेक वर्षं बॅगा बनवते आहे आणि २०१९ पासून टेक्ससमध्येही तिचा कारखाना आहे. फोनवरून चार फोटो पाठवून दहा-वीस डॉलरमध्ये मिळणारा अभिप्राय हाही अभिप्रायच असतो. ‘फोटोंवरून सांगता येत नाही’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ ‘नकली’ होत नाही. मन बदललं म्हणून नकलीचा आळ घेणारे आहेत. अस्सल बॅग ठेवून घेऊन तिच्यासारखीच नकली परत करणारेही आहेत. म्हणून विकणारीनं देण्याआधी आतला कोड, शिवण, कड्यांवरचं कोरीव नाव, अस्तर यांचे जवळून स्पष्ट फोटो काढून ठेवावेत. परत आलेली बॅग तीच आहे का, हे उद्या त्यावरूनच ताडता येईल.

आणि अस्सलतेचा निवाडा घाईनं केला तर काय होतं, याचं एक उदाहरण २०१२ च्या सुरुवातीला जगभर गाजलं होतं. एका बाईनं आपलं जुनं फ्रेंच व्हायोलिन कॅनडातल्या ग्राहकाला २५०० डॉलरला विकलं. जुन्या व्हायोलिनांच्या लेबलांवरून वाद होणं त्या धंद्यात नेहमीचंच. ग्राहकानं लेबलवर शंका घेतली, आणि पैसे परत मिळण्यासाठी पेपॅलच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे ते व्हायोलिन मोडून टाकलं. विकणारीला मिळाला तो तुकड्यांचा फोटो. व्हायोलिन खरं होतं की नव्हतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हा ‘घेणाऱ्याचंच नेहमी खरं’ असंही मी म्हणत नाही. भांडण सुरू झाल्यावर पारखी शोधण्यापेक्षा सौदा होण्याआधी शोधावा, एवढंच म्हणते.

इथे तुम्ही म्हणाल, आपल्या माणसांत कसली पारख आणि कसल्या पावत्या? विश्वास नावाची काही गोष्ट आहे की नाही?

आहे. पण आपल्या घरांत विश्वास आणि पारख यांचं कधीच वैर नव्हतं. तीन पिढ्या ज्याच्याकडून मंगळसूत्रं घेतली त्या सोनाराकडेही आपण पावती मागतोच. मोडीला दागिना नेला तर तोच सोनार, आपल्याच पेढीचा दागिना असला तरी, कसोटीवर घासून कस बघतो, वजन करतो, तूट धरतो. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं तो म्हणत नाही आणि आपणही म्हणत नाही. भारतात २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला, दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण आली, तेव्हा कुणा घराण्याची इज्जत गेल्याचं ऐकिवात नाही.

पैठणीचं तर विचारूच नका. येवल्याच्या दुकानात बसल्यावर आपल्या काकू, मावश्या पहिल्यांदा काय करतात? पदर उलटा करतात. हातमागावरच्या अस्सल पैठणीत मोर, पोपट, कमळं उलट्या बाजूनंही जवळजवळ सुलट्यासारखीच रेखीव दिसतात. यंत्रमागावरच्या साडीत मागे धागे सुटलेले असतात. विणकर हसून स्वतःच पदर उलटून दाखवतो, कारण तीच त्याच्या कारागिरीची जाहिरात असते. मग एडिसनच्या दिवाणखान्यात कुणी पर्स उलटून अस्तर बघितलं, की आपला चेहरा का पडतो? आणि आपल्याच ग्रुपवर ‘प्युअर सिल्क हँडलूम पैठणी’ म्हणून यंत्रमागावरची साडी आली, तर हाच प्रश्न उद्या पर्स सोडून साडीचाही होणार आहे. झालाही आहे.

मला वाटतं, चेहरा पडण्याचं कारण वेगळं आहे. पैठणी किंवा पाटल्या आपल्यासाठी वस्तू असतात. ती बॅग इथे आपल्यासाठी नुसती वस्तू राहत नाही. आपण इथे येऊन कुठवर पोचलो, याचा तो बिल्ला असतो. बिल्ल्यावर शंका घेणं म्हणजे पोचण्यावर शंका घेणं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणत आले. मोनोग्राम छापलेल्या कापडानं ती म्हण थोडी खोटी पाडली आहे. न्यूयॉर्कच्या कॅनाल स्ट्रीटवर, दुबईच्या करामात, मुंबईच्या ‘फर्स्ट कॉपी’च्या बाजारात हे सोंग केव्हापासून मिळतं, आणि आता ते पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं शिवलेलं मिळतं. अशी बॅग कुणी स्वतःच्या खांद्याला लावून मिरवली तर मी तिला चार शब्द ऐकवायला जाणार नाही. ती शेजारणीला ‘ओरिजिनल’ म्हणून विकली, की मात्र तो शेजारणीच्या पगाराचा प्रश्न होतो.

‘एवढ्या श्रीमंत कंपनीची कशाला काळजी करायची?’ असंही कुणीतरी म्हणतंच. कंपनीची काळजी करायला कंपनीचे वकील समर्थ आहेत. अस्सल बॅग वापरून झाल्यावर विकायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि कंपनीला तो आवडो न आवडो, ती अडवू शकत नाही. माझी काळजी त्या ११०० डॉलरची आहे, आणि ते कंपनीचे नव्हते.

तेव्हा तुमच्याकडे माझी मागणी साधी आहे, आणि ती आधी विकणाऱ्यांकडे आहे. जे माहीत आहे तेवढंच लिहा. पावती असेल तर तिचा फोटो टाका. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर झाका, तारीख आणि दुकान दिसू द्या. पावती नसेल तर बॅग कुठून, कधी, कुणाकडून आली ते लिहा. भेट मिळालेली असेल तर लिहा, ‘भेट मिळाली होती, अस्सल आहे की नाही याची मी खात्री देऊ शकत नाही’, आणि किंमतही तशी लावा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे घरच्या गोष्टींना ठीक आहे. मूठ विकायला काढली की उघडावी लागते. आणि स्वतःलाच शंका असेल, तर आधी तपासून घ्या. शंका खरी ठरली, तर ग्रुपवर टाकूच नका.

घेणाऱ्यांनी लाज सोडून विचारावं. ‘ताई, पावती आहे का?’ हा प्रश्न अपमान नाही. ५०० डॉलरच्या वर रक्कम असेल तर तिऱ्हाईत पारख्याकडून तपासणी करून घ्यावी आणि तिचा खर्च निम्मा-निम्मा वाटावा. ईबेनं २०२१ पासून ठरावीक ब्रँडच्या महागड्या हँडबॅगा ग्राहकाकडे जाण्याआधी मध्ये थांबवून तपासायला सुरुवात केली. त्यात काही कुणाचा अपमान झाला नाही. पैसे देताना हे ध्यानात ठेवा की झेलनं गेलेले पैसे रोख दिल्यासारखेच असतात. बॅग नकली निघाली म्हणून ते परत आणून देणारी कुठलीही खरेदी-हमी त्याला नाही. पेपॅलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ निवडलं तरी तेच. ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ निवडलं तर तीन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. ११०० डॉलरवर तीस-पस्तीस डॉलर. तेवढे वाचवण्यासाठी आपण बाकीचे हजार उघड्यावर ठेवतो आणि त्याला आपुलकी म्हणतो.

बॅग हातात पडल्यावर तपासायचीच असेल, तर दहा दिवसांत तपासा. चार महिने वापरून मग शंका काढली, की विकणारीलाही बचावाला जागा राहत नाही आणि तुमच्या शब्दालाही वजन राहत नाही. शंका आली तर ‘तुम्ही मला फसवलंत’ असं लिहू नका. ‘बॅगेबद्दल असं असं सांगण्यात आलं आहे, आपण मिळून एकाकडून तपासून घेऊ या का?’ असं लिहा. तपासणारा दोघींना मान्य असावा आणि त्याचा शब्द शेवटचा मानावा. तो ‘नकली’ म्हणाला तर पैसे परत. ‘अस्सल’ म्हणाला तर घेणारीनं तपासणीचा पूर्ण खर्च द्यावा आणि मनापासून ‘सॉरी ताई’ म्हणावं. ज्या ग्रुपवर आळ आला त्याच ग्रुपवर म्हणावं.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, तुम्हालाही थोडं. तुम्ही फुकट राबता, गणपतीचे मोदक मोजता, हॉलच्या चाव्या सांभाळता, हे सगळं मान्य. पण विक्रीला जागा द्यायची आणि तक्रारीला नाही, हे तटस्थ राहणं नव्हे. ‘वैयक्तिक विषय नकोत’ असं म्हणता तेव्हा पैसे ज्याच्याकडे आहेत त्याची बाजू तुम्ही घेतलेली असते. वर लिहिलेले चार नियम ग्रुपच्या माथ्यावर डकवून ठेवा. त्याखाली विकायचं असेल त्यांनी विकावं. ते जमत नसेल तर डिझायनर वस्तू बंद करा. कार सीट आणि इन्स्टंट पॉटवर ग्रुप आनंदानं चालेल.

राहता राहिली ती नकली ठरलेली बॅग. तिचं काय करायचं? इथे एक मोह सगळ्यांत वाईट असतो : ‘मी जेवढ्याला घेतली तेवढ्याला दुसऱ्या गावच्या ग्रुपवर टाकते, माझे पैसे सुटतील.’ तुम्हाला कळलं त्या क्षणापासून ‘मला माहीत नव्हतं’ हे वाक्य तुमच्याकडे उरलेलं नाही. नकली माल आहे हे माहीत असून पैशासाठी विकणं अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘नकली आहे’ असं सांगून विकली तरी ट्रेडमार्कच्या कायद्यातून सुटका नाही. विकणारीला परत करा, पैसे मागा. मिळाले नाहीत तर स्मॉल क्लेम्सचा दरवाजा उघडा आहे. तेही नको असेल तर बॅग घरात ठेवा, भाजी आणायला वापरा. पुढच्या मुलीच्या पगारावर तिला ढकलू नका.

नातं टिकवायचं म्हणून आपण हे प्रश्न विचारत नाही, असं आपण स्वतःला सांगतो. माझ्या बघण्यात मात्र विचारल्यानं तुटलेलं नातं एकही नाही. न विचारल्यानं तुटलेली मोजायला बसले तर एका हाताची बोटं पुरत नाहीत. या देशात आपली माणसं तशीही थोडी. त्यांतली दोन एका पर्सपायी गमावणं परवडणारं नाही, पर्स अस्सल असली तरीही. तेव्हा पुढच्या वेळी ‘१०० टक्के ओरिजिनल’ असं टाइप करायला बोट उचललंत, की क्षणभर थांबा आणि त्यापुढे आणखी एक ओळ लिहा : ‘तसं नसेल तर पैसे परत.’ ही ओळ लिहायला हात अडखळला, तर वरचे तीन शब्दही खोडा.